फुकट, मुक्त की विकत?

‘फोटोशॉप केलेला फोटो’ हा शब्दप्रयोग आता मराठीत इतका रुळला आहे, की फोटोत काहीही फेरफार करायचा म्हणजे फोटोशॉप हवंच असं बहुतेकांना वाटतं. शाळेचं हस्तलिखित, विज्ञान प्रदर्शनातले तक्ते, परिसरातल्या झाडांची नोंदवही, स्नेहसंमेलनाचा अहवाल, या सगळ्यांत हल्ली फोटो असतात आणि ते थोडेफार सुधारून घ्यावे लागतात. मग शिक्षक विचारतात, ‘‘कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं? फुकटचं चालेल, की विकतचंच घ्यावं लागेल?’’ या प्रश्नाला एका ओळीत उत्तर देता येईल, पण त्यात फारसा अर्थ नाही. फोटो ‘सुधारतो’ म्हणजे संगणक नेमकं काय करतो हे एकदा कळलं, की पैसे कशाचे पडतात आणि कशाचे पडत नाहीत हे आपलं आपल्यालाच ठरवता येतं. म्हणून आपण सुरुवात सॉफ्टवेअरच्या दुकानातून न करता फोटोपासून करूया.

आकड्यांचा तक्ता

मोबाइलने काढलेला फोटो समजा ४००० ठिपके रुंद आणि ३००० ठिपके उंच आहे. म्हणजे त्यात १ कोटी २० लाख ठिपके झाले. या ठिपक्यांना पिक्सेल म्हणतात. प्रत्येक पिक्सेलसाठी तीन आकडे नोंदलेले असतात: लाल किती, हिरवा किती, निळा किती. प्रत्येक आकडा ० ते २५५ या दरम्यानचा. तिन्ही शून्य असले तर काळा ठिपका, तिन्ही २५५ असले तर पांढरा. एवढंच. फोटोमध्ये याहून वेगळं काही नसतं, आणि म्हणून फोटो सुधारणं म्हणजे या आकड्यांवर गणित करणं.

एक उदाहरण पाहू. पावसाळ्यात वर्गाच्या आत काढलेला फोटो मळकट, राखाडी दिसतो. त्यातले आकडे तपासले तर सर्वांत काळ्या जागी ४० आणि सर्वांत उजळ जागी १६८ सापडतात. खरा काळा नाही, खरा पांढराही नाही. उपाय सोपा आहे. ४० ते १६८ हा पट्टा ओढून ० ते २५५ पर्यंत ताणायचा. सूत्र असं:

नवा आकडा = (जुना आकडा – ४०) × २५५ ÷ १२८

४० चा ० होतो, १६८ चा २५५ होतो, आणि मधल्या १०० चा १२०. फोटो एकदम स्वच्छ दिसू लागतो. सॉफ्टवेअरमध्ये या क्रियेला ‘लेव्हल्स’ म्हणतात. सातवी-आठवीच्या विद्यार्थ्याला हे गणित वहीत करता येईल.

आता धूसर फोटोला धार कशी आणतात ते पाहू. फोटोतल्या एका ओळीत शेजारी शेजारी असे सहा आकडे आहेत: ६०, ६०, ६०, १४०, १४०, १४०. म्हणजे डावीकडे गडद भिंत, उजवीकडे उजळ खिडकी आणि मधे कड. प्रत्येक आकड्याच्या जागी तो स्वतः आणि त्याचे दोन शेजारी यांची सरासरी लिहिली, तर ओळ होते ६०, ६०, ८७, ११३, १४०, १४०. कड पुसट झाली. आता मूळ आकड्यातून हा पुसट आकडा वजा करायचा आणि जी बाकी येईल ती मूळ आकड्यात मिळवायची. तिसऱ्या जागी ६० + (६० – ८७) = ३३, चौथ्या जागी १४० + (१४० – ११३) = १६७. नवी ओळ: ६०, ६०, ३३, १६७, १४०, १४०. कडेच्या अलीकडचा ठिपका आणखी काळा झाला, पलीकडचा आणखी उजळ झाला, आणि डोळ्याला कड धारदार वाटू लागली. या क्रियेचं नाव मोठं गमतीचं आहे: ‘अनशार्प मास्क’. धार आणणाऱ्या क्रियेच्या नावात ‘धार नसलेला’ हा शब्द! ते नाव डार्करूममधून आलं आहे. तिथे निगेटिव्हची मुद्दाम पुसट केलेली प्रत निगेटिव्हला जोडून छापत असत, आणि तीच युक्ती संगणकाने उचलली.

लक्षात घ्यायची गोष्ट अशी, की ही गणितं कोणा कंपनीच्या मालकीची नाहीत. हजारो रुपयांचं सॉफ्टवेअर घ्या किंवा फुकटचं, वजाबाकी तीच असणार.

करून पाहा

यावर नुसता विश्वास ठेवू नये. वर्गात सहज करता येईल असा एक प्रयोग सुचवतो. एखाद्या पानाचा किंवा फुलाचा फोटो घ्या. गिम्प या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये तो उघडून लेव्हल्समध्ये ४० आणि १६८ हे आकडे द्या आणि निकाल पीएनजी या प्रकारात साठवा. मग तोच मूळ फोटो दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून हेच आकडे द्या. फोटोशॉप असेल तर उत्तम. नसेल तर ब्राउझरमध्ये चालणारं फोटोपी घ्या. आता आपल्याकडे दोन फोटो झाले. ते गिम्पमध्ये एकावर एक थर म्हणून ठेवा आणि वरच्या थराची पद्धत ‘डिफरन्स’ अशी निवडा. ही पद्धत वरच्या आणि खालच्या पिक्सेलच्या आकड्यांतला फरक दाखवते. फरक शून्य असेल तिथे काळं दिसतं. आपल्या प्रयोगात पडदा काळाकुट्ट दिसायला हवा. अपूर्णांक पूर्णांकात बदलण्याच्या पद्धतीमुळे कुठे कुठे एकाचा फरक पडू शकतो, पण तो डोळ्यांना दिसत नाही.

प्रयोग इथेच सोडू नका. तोच फोटो एकदा जेपेग प्रकारात, गुणवत्ता ५० ठेवून साठवा आणि मूळ फोटोशी त्याचा फरक काढा. या वेळी पडदा पूर्ण काळा नसतो. तो लेव्हल्सने बराच उजळून मोठा करून पाहिला, तर बारीक चौकटींची जाळी दिसू लागते. प्रत्येक चौकट ८ पिक्सेल रुंद आणि ८ पिक्सेल उंच. १९९२ साली ठरलेल्या जेपेग पद्धतीत फोटोचे असे ८ × ८ चे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यातला बारीक तपशील कमी केला जातो, म्हणून फाइल लहान होते. जेपेग फोटो पुन्हा पुन्हा उघडून, बदलून, साठवत गेलो तर दर वेळी थोडी माहिती कायमची जाते. नवशिक्याचं नुकसान चुकीच्या सॉफ्टवेअरने होत नाही इतकं मूळ फोटोवरच काम करून तो त्याच नावाने साठवल्याने होतं.

दोन कुळकथा

फोटोशॉपचा जन्म १९८७ चा. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात पीएच.डी. करणाऱ्या थॉमस नॉलने आपल्या मॅकिंटॉश संगणकाच्या काळ्या-पांढऱ्या पडद्यावर राखाडी छटा दाखवण्यासाठी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. त्याचा भाऊ जॉन चित्रपटांतली दृश्यं तयार करणाऱ्या इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक या संस्थेत काम करत होता. त्याला त्यात अधिक काही दिसलं. दोघांनी मिळून तो वाढवला आणि १९९० च्या फेब्रुवारीत अडोबी कंपनीने त्याची पहिली आवृत्ती विकायला काढली. या भावांच्या वडिलांना फोटोग्राफीचा नाद होता आणि घरी डार्करूम होती. फोटोशॉपमधली ‘डॉज’ आणि ‘बर्न’ ही अवजारं तिथलीच आहेत. प्रकाश अडवून फोटोचा एखादा भाग फिका ठेवायचा किंवा जास्त प्रकाश देऊन गडद करायचा.

गिम्पची गोष्ट १९९५ मध्ये बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात सुरू होते. स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी अभ्यासक्रमाचा भाग म्हणून ते लिहायला घेतलं आणि १९९६ च्या जानेवारीत सर्वांसाठी खुलं केलं. त्या पहिल्या आवृत्तीत खिडक्या, बटणं काढण्यासाठी मोटिफ नावाची संहिता वापरली होती आणि ती विकतची होती. म्हणजे सॉफ्टवेअर मुक्त, पण ते तयार करायचं तर आधी मोटिफ घ्या! दोघांनी मग बटणं, खिडक्या काढण्याची स्वतःचीच संहिता लिहिली. तिचं नाव जीटीके. आज लिनक्सच्या जगातले असंख्य प्रोग्रॅम या जीटीकेवर उभे आहेत. फोटो सुधारायला निघालेल्या दोन विद्यार्थ्यांकडून वाटेत हे होऊन गेलं.

पैसे नेमके कशाचे?

मग विकतचं सॉफ्टवेअर घेणारे वेडे आहेत का? मुळीच नाहीत. मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रेमापोटी ही बाजू झाकून ठेवणारे लेख आम्ही पुष्कळ वाचले आहेत, आणि ते वाचून गिम्प घेणारा माणूस महिन्याभरात वैतागून फोटोशॉपची चोरीची प्रत शोधू लागतो.

फोटोशॉप अनेक बाबतींत वर्षानुवर्षं पुढे होतं. वर आपण लेव्हल्सचं गणित केलं. त्यात ४० ते १६८ हे फक्त १२९ वेगवेगळे आकडे होते. ते २५६ जागांवर पसरले, म्हणजे १२७ जागा रिकाम्या राहिल्या. आकाशासारख्या सलग भागात या रिकाम्या जागा पट्ट्यांच्या रूपाने दिसतात. उपाय म्हणजे सुरुवातीपासूनच अधिक पायऱ्यांनी मोजणं. चांगल्या कॅमेऱ्याच्या ‘रॉ’ फाइलमध्ये २५६ ऐवजी ४,०९६ किंवा १६,३८४ पायऱ्या असतात. अशा फाइलींवर फोटोशॉप फार पूर्वीपासून काम करत होतं. गिम्पला ते २०१८ च्या २.१० आवृत्तीपासून जमू लागलं.

दुसरा फरक याहून मोठा. एखादा बदल मूळ आकडे न पुसता वर ठेवायचा आणि हवा तेव्हा काढायचा किंवा सौम्य करायचा, ही सोय फोटोशॉपमध्ये १९९६ साली आली. गिम्पमध्ये ती २०२५ च्या मार्चमध्ये, ३.० या आवृत्तीबरोबर आली. मधली २९ वर्षं ज्यांनी रोज आठ तास हे काम केलं, त्यांनी फोटोशॉपचे पैसे भरले यात नवल नाही. छपाईच्या चार शाईंच्या हिशेबात, म्हणजे सीएमवायके पद्धतीत, थेट काम करायचं तर आजही फोटोशॉप सोयीचं पडतं. (मुक्त सॉफ्टवेअरपैकी क्रिटामध्ये ती सोय आहे.) केसांच्या कडा पकडून माणूस बाजूला काढणं एका टिचकीत होतं. प्रेसमधल्या डीटीपी करणाऱ्याला आपली फाइल जशीच्या तशी उघडता येते.

म्हणजे जास्तीच्या पैशांत मुख्यतः वेळ मिळतो. लग्नाच्या हंगामात दिवसाला पाचशे फोटो हातावेगळे करणाऱ्या स्टुडिओला त्या वेळेची किंमत भरपूर आहे. वर्षातून दोनदा वार्षिक अंकासाठी वीस फोटो तयार करणाऱ्या शाळेला ती नाही.

शिवाय विकतचं म्हणजे पूर्वीसारखं एकदा विकत घेतलेलं नव्हे. २०१२ च्या सीएस६ नंतर फोटोशॉप वर्गणीवर मिळतं. वर्गणी थांबली की काम थांबतं. त्याला संगणकात किमान ८ जीबी मेमरीही लागते, आणि शाळेच्या संगणक कक्षात ती किती यंत्रांत असते हे आपल्याला माहीत आहे. जुन्या यंत्रावर साध्या फोटोंचं काम गिम्प निभावून नेतं.

मोफत आणि मुक्त

इंग्रजीत या दोन्हींना एकच शब्द असल्याने तिकडे बराच गोंधळ होतो आणि तो निस्तरायला लांबलचक खुलासे करावे लागतात. मराठीत दोन स्वतंत्र शब्द असूनही आपण ते एकमेकांच्या जागी वापरतो हे आपलं दुर्दैव! मोफत म्हणजे पैसे न पडणारं. मुक्त म्हणजे जे कोणत्याही कामासाठी वापरायची, ज्याची रचना उघडून पाहायची, त्यात बदल करायची आणि प्रती काढून इतरांना द्यायची मोकळीक आहे ते. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ग्नू प्रकल्प जाहीर केला आणि १९८९ मध्ये या मोकळिकीला कायद्याचं रूप देणारा जीपीएल परवाना आणला. गिम्प याच परवान्याखाली येतं.

नुसतं मोफत असलेलं सॉफ्टवेअर दात्याच्या मर्जीवर असतं. गुगलचं पिकासा आपल्यापैकी अनेकांनी वापरलं असेल. साधं, मोफत, नवशिक्यांना फार सोयीचं. २०१६ साली कंपनीने ते बंद केलं. त्याच वर्षी गुगलने निक कलेक्शन नावाचा चांगला संच मोफत केला. २०१७ मध्ये तो दुसऱ्या कंपनीला विकला गेला आणि त्याची पुढची आवृत्ती पुन्हा पैसे देऊन घ्यावी लागली. उलटही घडतं. ॲफिनिटी हे सॉफ्टवेअर अनेक वर्षं एकदाच पैसे भरून मिळायचं. कॅनव्हाने २०२४ साली ते बनवणारी कंपनी घेतली आणि २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये ॲफिनिटी मोफत केलं. खातं मात्र उघडावं लागतं. चांगली गोष्ट आहे, जरूर वापरावं. पण उद्या काय होईल हे ठरवणं आपल्या हातात नाही. मुक्त सॉफ्टवेअरचे मूळ लेखक निघून गेले तरी दुसरे ते पुढे नेऊ शकतात. किंबॉल आणि मॅटिस यांनी गिम्प केव्हाच सोडलं, तरी ते चालू आहे.

शाळेच्या दृष्टीने याला फार महत्त्व आहे. आम्ही अनेक संगणक कक्षांमधून पाहतो, की फोटोशॉपची कुलूप तोडलेली प्रत सर्रास वापरली जाते. आपल्या प्रताधिकार कायद्यात १९९४ साली झालेल्या दुरुस्तीनुसार प्रत चोरीची आहे हे माहीत असून ती संगणकावर वापरणं हाही गुन्हा आहे. अशा प्रतींबरोबर व्हायरस येतात ते वेगळंच. पण कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी एक प्रश्न उरतो. वर्गात शिकलेलं अवजार मुलीला घरी न्यायचं असेल तर शिक्षकांनी तिला काय सांगायचं? गिम्पची प्रत पेनड्राइव्हवर घालून देता येते आणि तशी देणं हाच त्या परवान्याचा हेतू आहे. केरळने २००१ मध्ये सुरू केलेल्या आयटी ॲट स्कूल प्रकल्पाने पुढे शाळांतले संगणक मुक्त सॉफ्टवेअरवर नेले आणि तिथल्या मुलांच्या संगणकाच्या पुस्तकांत गिम्प आलं ते यामुळेच.

मराठी अक्षरांचं काय?

तक्त्यावर ‘किरण’ लिहायचं तर ‘क’ नंतर टंकलेली ऱ्हस्व वेलांटी ‘क’ च्या आधी दिसायला हवी, आणि ‘क्ष’, ‘त्र’, ‘र्य’ नीट जुळायला हवेत. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत युनिकोड मराठी टंकलं की वेलांटी भलतीकडे जायची आणि जोडाक्षरं पाय मोडून उभी राहायची. म्हणून डीटीपीवाले जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटना चिकटून राहिले. नव्या आवृत्त्यांत भारतीय लिप्यांची सोय आहे, पण जुन्या प्रतीत ती मिळणार नाही. गिम्पमध्ये हे काम हार्फबझ नावाची मुक्त संहिता करते. अँड्रॉइड मोबाइलवर मराठी नीट दिसतं तेही तिच्यामुळेच. त्यामुळे कोणतंही सॉफ्टवेअर घेण्याआधी त्यात ‘विद्यार्थ्यांच्या प्रश्नांची उत्तरं’ एवढं लिहून पाहावं. मिनिटभरात निकाल लागतो.

विज्ञान शिक्षकांसाठी

एक मुद्दा आम्हाला किमतीपेक्षाही मोलाचा वाटतो. फोटोतली नको असलेली वस्तू पुसून तिथे आजूबाजूसारखी पार्श्वभूमी भरायची करामत फोटोशॉपमध्ये २०१० साली आली. (गिम्पसाठी रीसिंथेसायझर नावाची जोडणी त्याच्या आधीपासून होती.) २०२३ पासून तर शब्दांत सांगितलं की तसं चित्र भरून मिळतं. हे काम आपल्या संगणकावर होत नाही, कंपनीच्या संगणकावर होतं. म्हणजे फोटो तिकडे जातो. मुलांचे चेहरे असलेल्या फोटोंच्या बाबतीत हे लक्षात ठेवायला हवं.

पण खरी अडचण दुसरीच आहे. मुलांनी सूक्ष्मदर्शकातून कांद्याच्या पापुद्र्याचा फोटो काढला. त्यात हवेचा एक बुडबुडा आला. तो पुसला तर फोटो पुस्तकातल्यासारखा दिसेल. पण मग ते निरीक्षण राहिलं का? हा प्रश्न केवळ शाळेतला नाही. एलिझाबेथ बिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जीववैद्यकातल्या २०,६२१ शोधनिबंधांतली चित्रं डोळ्यांनी तपासली आणि २०१६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. ३.८ टक्के निबंधांत एकच चित्र पुन्हा वापरल्यासारख्या गोष्टी आढळल्या, आणि त्यांतल्या निदान निम्म्या निबंधांत मुद्दाम फेरफार केल्याच्या खुणा होत्या. शोधपत्रिकांमध्ये आता साधारण असा दंडक आहे, की उजेड-अंधाराचा बदल करायचा तर पूर्ण चित्रावर सारखा करावा, एखाद्याच भागावर नको. पुसू नये, चिकटवू नये, मूळ फाइल जपून ठेवावी. लेव्हल्स चालतील, बुडबुडा पुसणं चालणार नाही. प्रयोगवहीत लावलेल्या फोटोखाली ‘कडा कापल्या, लेव्हल्स ४०–१६८’ एवढी एक ओळ लिहायची सवय मुलांना लावता येईल.

सुरुवात करताना

आमचं मत विचाराल तर शाळेने गिम्पपासून सुरुवात करावी. संगणक कक्षात ते बसवणं अवघड असेल आणि इंटरनेट बरं असेल, तर पहिले काही तास फोटोपीवर काढावेत. त्यात जाहिराती दिसतात, पण फोटो आपल्याच संगणकावर राहतो आणि बटणांची मांडणी फोटोशॉपसारखी असल्यामुळे पुढे कोणी त्या व्यवसायात गेलं तर हात बसलेला असतो. रॉ फाइली हाताळायच्या असतील तर डार्कटेबल हे मुक्त सॉफ्टवेअर आहे, पण ते नवशिक्यांसाठी नाही. विकतच्याचा विचार एखाद्या ठरावीक कामात वेळ खरोखर वाया जाऊ लागला की मग करावा, आणि तेव्हा कोणत्या सोयीसाठी पैसे भरतोय हे कागदावर लिहून काढावं.

गिम्पमध्ये सगळे एका ठिकाणी अडखळतात. ‘सेव्ह’ म्हटलं की ते एक्ससीएफ या स्वतःच्या प्रकारात साठवतं. ही थर शाबूत असलेली कामाची प्रत, ती जपायची. प्रेसला किंवा पालकांना द्यायची जेपेग प्रत मात्र ‘एक्स्पोर्ट’ करून काढावी लागते. छपाईसाठी इंचाला ३०० पिक्सेल हा हिशेब धरावा. सहा इंच बाय चार इंच फोटोला १८०० × १२०० पिक्सेल लागतात. एवढे पिक्सेल मूळ फोटोत असतात, पण व्हॉट्सॲपवर साध्या पद्धतीने पाठवताना ते कमी होतात आणि एकदा गेलेले पिक्सेल फुकटचं वा विकतचं कोणतंही सॉफ्टवेअर खरे म्हणून परत आणू शकत नाही. म्हणून पालकांकडून फोटो मागवताना ते ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगावं.